पितळेत कोरलेली चूक

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात एकच चूक केली, आणि तीही पितळेत कोरून ठेवली. ती पाटी अजून माझ्या घरात कपाटावर आहे. लोक म्हणतात, काढून टाक. का म्हणून काढू? एवढी सुरेख चूक दुसऱ्या कुणी करून दाखवावी, मग बोलू.

बाबा नावाच्या पाट्या कोरायचे. घरांच्या दारावरच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या, एकदा तर बोटीच्या इंजिनावरची. सगळी गल्ली त्यांना पाटीवाले म्हणायची आणि मला ठिणगी. हे नाव मला बाबांनीच दिलं, कारण माझं डोकं चटकन तापतं. ते मी नाकारत नाही. डोकं तापावं अशा गोष्टी जगात कमी आहेत का?

दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं आपलं नाव स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्यायचं, मोठ्यानं वाचायचं, मग माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, ते जसंच्या तसं परत म्हणायचं. गिऱ्हाईक ‘बरोबर’ म्हणालं, की मगच बाबांची छिन्नी पितळेला लागायची. एका मोठ्या डॉक्टरांना याचा राग आला होता. मला माझं नाव येतं, म्हणाले. बाबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सांगितलं की येतं तर लिहा, नाहीतर पुढच्या चौकात स्टिकरवाला आहे. डॉक्टर तणतणत गेले आणि आठवड्यानं मुकाट्यानं परत आले. त्रेचाळीस वर्षांत आमच्या दुकानातून एकही नाव चुकून बाहेर पडलं नाही. मला याचा अभिमान आहे आणि तो मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

दादाचं सांगायचं तर त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी आहे, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना पॉलिश कळत नाही. दादा पॉलिशच्या चाकावर बसला की पितळेत स्वतःचे दात मोजता येतील अशी चमक आणतो. सकाळी नऊ म्हणजे नऊ, एप्रन बांधून हजर. संध्याकाळी सहाशिवाय उठायचा नाही. शनिवारी पगाराचं पाकीट घेतो आणि त्या दिवशी गल्लीतून जरा ताठ चालतो. पण त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. एकदा बाबांनी त्याला नवी कोरी सायकल घेऊन दिली. तिसऱ्या दिवशी हा चालत घरी आला. रस्त्यात कुणीतरी म्हणालं, माझी सायकल चोरीला गेली हो, तर यानं आपली देऊन टाकली. वर आम्हालाच समजावलं की त्या माणसाला लांब जायचं होतं.

आता दुकानाचं चित्र बदललं होतं. बाबांचे हात थरथरायला लागले तसं मी कर्ज काढून कोरायचं यंत्र आणलं. पितळेच्या पाट्या कमी झाल्या, पॉलिशचं काम निम्म्यावर आलं. दादाचा पगार दुकानाला पेलेना. तो बाबा आपल्या बँकेतल्या पैशातून माझ्याकडे देत आणि मी पाकिटात घालून दादाला देत असे. त्याला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं आमचं ठरलेलं. त्याच खात्यात बाबांनी त्याच्यासाठी सगळं साठवलं होतं. तो राहतो त्या वरच्या खोलीचं भाडं, औषधं, आणि हा पगार. बाबांच्या जिवाला घोर होता तो एवढाच, की आपल्यामागे हे दादापर्यंत पोहोचणार कसं.

हा घोर लागला शेजारच्या शिंप्यामुळे. शिंपी एका दुपारी बसल्या जागी गेला. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे ते नाव त्यानं बँकेत कधी लिहूनच दिलं नव्हतं. बँक म्हणाली, कोर्टाकडून प्रोबेट आणा. म्हणजे कोर्ट आधी कागदपत्रं तपासणार, वारस कोण ते ठरवणार, कुणाची हरकत आहे का ते विचारणार आणि मग पैसे मोकळे करणार. शिंप्याच्या बायकोनं चौदा महिने कोर्टाचे खेटे घातले. नवऱ्याच्या अंत्यविधीसाठी तिला उसने पैसे घ्यावे लागले, स्वतःच्या घरचे पैसे बँकेत पडून असताना. दोनदा मी तिच्याबरोबर गेले होते. दुसऱ्या वेळी तिथल्या कारकुनाशी माझं असं काही वाजलं, की तिनं मला पुन्हा बोलावलं नाही.

बाबांनी कानाला खडा लावला. पुढच्याच आठवड्यात एक वकीलबाई पाटी करून घ्यायला आल्या, तर बाबांनी कागद पुढे करायच्या आधी त्यांना सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, पाटीचे पैसे देऊ नका. त्या म्हणाल्या, मग सल्ल्याचे तुम्हीही देऊ नका. दोघं मिळून दोन तास बसले.

वकीलबाईंनी आधी सोपा रस्ता सांगितला. बँकेत एक फॉर्म असतो, त्यात लाभार्थ्याचं नाव लिहायचं. खातेदार गेल्यावर त्या माणसानं मृत्यूचा दाखला आणि आपली ओळख दाखवायची, पैसे थेट त्याला मिळतात, कोर्टाचा संबंध नाही. बाबा खूश झाले. थोरल्याचंच नाव लिहितो, म्हणाले. मी वकीलबाईंना सायकलची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. एकदम हातात एवढे पैसे आले तर ते किती दिवस राहतील, एवढंच त्यांनी विचारलं.

मग बाबा म्हणाले, ठिणगीचं लिहा, ती बघेल त्याचं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. बाबांना वाईट वाटलं, पण मला माझं माहीत होतं. माझ्या डोक्यावर यंत्राचं कर्ज. उद्या हप्ते थकले तर सावकार काय विचारत बसणार, की हे पैसे तुमचे की भावाचे? माझ्या नावावर आहेत म्हणजे माझे. उचलून नेणार. आणि मी बाबांच्या आधी गेले तर? वकीलबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. अशी नाही म्हणणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली, असं त्या बाबांना म्हणाल्या. ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

त्यांनी सांगितलेला दुसरा रस्ता ट्रस्टचा. समजायला अवघड नाही. पैशांसाठी एक वेगळं घर बांधायचं. त्या घराची किल्ली बाबा आहेत तोवर बाबांकडे, नंतर माझ्याकडे, माझ्यामागे माझ्या मुलीकडे. पण किल्ली कुणाकडेही असो, आतले पैसे खर्च करायचे फक्त दादासाठी, आणि कसे ते कागदावर लिहिलेलं. माणूस मरतो, हे घर मरत नाही, म्हणून कोर्टानं वारस शोधायचा प्रश्नच उरत नाही. बाबांना हे पटलं. कागद तयार झाले, सह्या झाल्या, ट्रस्टला दादाचं नाव दिलं.

शेवटी वकीलबाईंचं एक पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आता राहिलेली पायरी म्हणजे खात्याचं जुनं नाव काढून तिथे ट्रस्टचं नाव लावून घ्यावं.

आता बाबांची बाजू समजून घ्या. त्रेचाळीस वर्षं त्यांनी काय पाहिलं? दुकान विकलं, दवाखान्यात नवा डॉक्टर आला, कचेरीचा साहेब बदलला, की लोक आमच्याकडे येतात. जुनी पाटी उतरते, नवी चढते. पाटी चढली की मालक बदलला. पत्र वाचून बाबांनी चष्मा पुसला आणि मला पितळेचा सगळ्यात जाड पत्रा काढायला सांगितला.

अकरा दिवस ते त्या पाटीवर बसले होते. यंत्राला हात लावू दिला नाही. थरथरणारं मनगट ठोकळ्यावर दाबून, एकेक अक्षर, हळूहळू. ट्रस्टचं पूर्ण नाव, खाली बारीक अक्षरांत तारीख. दादानं दोन दिवस पॉलिश केलं. मग ती पाटी घरातल्या लोखंडी कपाटावर लावली, ज्यात बँकेचं पासबुक असायचं. स्क्रू मीच आवळले. तिघांनी कपाटासमोर उभं राहून चहा घेतला. पुढे वकीलबाईंनी फोनवर विचारलं, काम झालं का, तर बाबांनी छातीठोकपणे झालं म्हणून सांगितलं. बँकेत आम्ही कुणीही गेलो नव्हतो, आणि जायचं होतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दोन वर्षं गेली. बाबांचं हृदय कुरकुरायला लागलं. वय एक्क्याऐंशी. सर्जननं गुरुवारी ऑपरेशन ठरवलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की काही आवरायचं असेल तर आधी आवरून घ्या. मी म्हटलं, आमचं सगळं आवरलेलं आहे. काय तोऱ्यात म्हटलं मी!

सोमवारी दवाखान्यात भरायच्या पैशांसाठी मी कपाट उघडलं आणि पासबुकात ठेवलेलं बँकेचं पत्र पहिल्यांदाच नीट वाचलं. खातेदार, बाबा. लाभार्थी, आई. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी तीनदा वाचलं. मग कपाटाचं दार लावलं, तर समोर ती पाटी. गुरुवारी काही बरंवाईट झालं असतं, तर पैसे बाबांच्या नावावर, पुढचं नाव गेलेल्या बाईचं, म्हणजे सरळ कोर्ट. शिंप्याच्या बायकोला शिलाई तरी येत होती. दादा चौदा महिने काय करणार होता? भाडं थकलं की खोली जाणार, पगार थांबला की हा आजारी पडणार, कारण काम नसलेला दादा मी पाहिला आहे. यंत्र आलं तेव्हा मी त्याला पंधरा दिवस घरी बसवलं होतं, तर तो जेवेना. मला बाबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. स्क्रू आवळायला बरी पुढे होते.

वकीलबाईंनी फोनवर सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, कागद चोख आहेत, पण घर रिकामं आहे, पैसे अजून बाहेरच उभे आहेत. बाबांनी स्वतः बँकेत जाऊन, शुद्धीवर असताना, सही करून खातं ट्रस्टच्या नावावर करायला हवं. उद्याच.

मंगळवारी आम्ही तिघं बँकेत. दुकान बंद म्हणजे दादाला काम नाही, म्हणून तोही, धुतलेला एप्रन बांधून. बाबांना मी रात्रीच चूक समजावली होती. सकाळी दाढी करून, कोट घालून तयार बसले होते. खात्यांचं काम बघणारी बाई तरुण होती, पण शहाणी. फॉर्म काढला, ट्रस्टचे कागद तपासले, सगळं ठीक आहे म्हणाली आणि सहीला पेन दिलं.

तिच्या पडद्यावर बाबांची तीस वर्षांपूर्वीची सही होती. काय सही होती ती! कोरल्यासारखी. बाबांनी कागदावर केली ती पार वेडीवाकडी. दुसरी केली, तिसरी केली. सहाव्या सहीनंतर त्या बाईनंच नजर खाली घातली. म्हणाली, मला कळतंय हो, पण सही जुळली नाही तर हे वरून परत येईल. मग हळूच सांगितलं, की अंगठा चालतो. बँकेचे दोन साक्षीदार मी बोलावते.

बाबा उठून उभे राहिले. मला म्हणाले, घरी चल.

हे मला माहीत होतं आणि मी विसरले होते. बाबांचे वडील दगडाच्या खाणीत होते. दर आठवड्याला मजुरीच्या कागदावर अंगठा लावायचे. कागदावर लिहिलेलं असायचं वेगळं, हातात पडायचं वेगळं. ते कळलं बाबा शाळेत जाऊन वाचायला शिकले तेव्हा. त्यानंतर बाबांनी अक्षर सोडलं नाही, आणि अंगठ्याचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा.

दादा खुर्चीवरच बसून होता. आम्ही का भांडतोय ते त्याला समजत नव्हतं, पण तो घाबरला होता. मी बाबांचा कोट धरला. बँकेतले लोक बघत होते. बघेनात का.

“बाबा,” मी म्हटलं, “तुमच्या वडिलांनी न वाचता अंगठा लावला. तुम्ही वाचून लावा.”

बाबांनी माझ्या हातातून कोट सोडवून घेतला. मग बसले. चष्मा लावला, फॉर्म जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. चार पानं. बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा. मागे रांग वाढत होती, एकानं खाकरून पाहिलं, तर मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा खोकला बरा झाला. ट्रस्टचं नाव आलं तिथे बाबा थांबले आणि दादाकडे वळले. दादाला त्याचं काम कळलं. तो उभा राहिला, हात एप्रनला पुसले आणि आख्खं नाव न चुकता म्हणून दाखवलं. “बरोबर,” बाबा म्हणाले, आणि अंगठा शाईत बुडवला.

उमटला तो नुसता काळा गोळा. त्या बाईनं दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. अंगठ्यावर रेघाच नव्हत्या. तिनं बाबांचा हात हातात घेऊन पाहिला आणि कशानं झालं ते विचारलं. बाबा म्हणाले, पितळ घासून. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं आणि ते लाजलेही नाहीत.

मॅनेजर आले. दोघांनी आपसात काही ठरवलं. मग मॅनेजरनी स्वतःच्या हातानं फॉर्मवर लिहिलं, शिक्का मारला, दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. बाबांनी विचारलं, काय लिहिलंत? त्यांनी वाचून दाखवलं. खातेदाराच्या अंगठ्याच्या रेघा आयुष्यभराच्या कामामुळे झिजलेल्या आहेत, अंगठा आमच्या समक्ष लावला आहे. बाबा म्हणाले, पुन्हा वाचा. मॅनेजरनी पुन्हा वाचलं. मी आयुष्यात पुष्कळ पाट्या पाहिल्या, बाबांच्या हातच्या शेकडो पाहिल्या, पण त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेली एवढी चांगली ओळ पाहिली नाही. मला रडू आलं ते मी आवरलं नाही.

गुरुवारचं ऑपरेशन नीट झालं. बाबा त्यानंतर सव्वा वर्ष जगले, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिले, की तुमच्या खात्यावर पुढचं नाव कुणाचं आहे, आणि ते माणूस हयात आहे का. गिऱ्हाइकं बिचकायची. दोघंतिघं मात्र इथूनच उठून बँकेत गेली.

एका पहाटे ते झोपेतच गेले.

चौथ्या दिवशी मी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेले. पदर खोचूनच गेले म्हणा, कारण शिंप्याच्या बायकोबरोबरचे ते दोन दिवस मी विसरले नव्हते. कुठे घोडं अडणार, कोण काय नवीन मागणार, कुणाला काय सुनवायचं, सगळं तयार होतं. तीच बाई होती. तिनं दाखला पाहिला, ट्रस्टचा कागद पाहिला, माझी ओळख आणि सही घेतली. म्हणाली, खातं ट्रस्टचंच आहे, त्यात काही बदलायचं नाही, फक्त तुमचं नाव विश्वस्त म्हणून चढवलं. वीस मिनिटं लागली. भांडायला कुणी नव्हतंच. मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिले, आणि बाबा, जिंकलात, असं मनात नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी दुकानात मी पाकीट दादाच्या हातात ठेवलं. एरवी तो ते लगेच खिशात घालतो. त्या दिवशी पाकीट हातात धरून तसाच बसला.

“बाबा गेले ना,” तो म्हणाला. “मग पगार कोणी दिला?”

“बाबांनीच दिला,” मी म्हटलं.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. “मग सहाला अजून दहा मिनिटं आहेत,” म्हणाला, आणि पाकीट खिशात घालून परत चाकावर बसला.